एकाच वडीचा हट्ट: बिनवासाच्या साबणाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

पॅच टेस्टचा, म्हणजे कातडीला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधणाऱ्या तपासणीचा, निकाल लागला. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढल्या होत्या. आज ९६ तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बाकी सगळे चौकोन गप्प होते, फक्त 'सुगंध मिश्रण' या चौकोनाखालची कातडी लाल आणि पुरळलेली. बोटांच्या पेरांवर दोन वर्षं ज्या भेगा पडतायत, त्यांना निदान एक कारण तरी सापडलं. डॉक्टर बाईंनी मलम दिलं, भांडी घासताना हातमोजे घालायला सांगितलं आणि म्हणाल्या, "वास असलेलं सगळं बंद करा."

सगळं म्हणजे किती, ते घरी आल्यावर कळलं. न्हाणीघर आणि मोरी मिळून ११ बाटल्या-वड्या निघाल्या. त्यातल्या ९ वर मागच्या बाजूला 'परफ्यूम'. एका बाटलीवर पुढे ठसठशीत 'अनसेंटेड', आणि मागे घटकांच्या यादीत तरीही सुगंधी द्रव्य. मूळचा वास दाबण्यासाठी दुसरा वास घालतात आणि नाकाला काहीच कळत नाही म्हणून त्याला बिनवासाचं म्हणतात. नाक फसतं, कातडी फसत नाही. यापुढे पुढची बाजू वाचायची नाही, मागचीच वाचायची.

'नैसर्गिक' सुगंधी तेलंही बाद. लॅव्हेंडर, संत्र्याची साल यांच्या तेलांत लिनालूल आणि लिमोनीन असतात. हवेशी संयोग होऊन त्यांची जी संयुगं बनतात ती अ‍ॅलर्जीसाठी नामांकित आहेत.

तर ठरलं ते असं: साबण घरी करायचा. तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. चौथी वस्तू नाही. आणि तोच साबण अंगाला, हाताला, कपड्यांना. एक वडी, एक घर.

५ फेब्रुवारी

आजचा दिवस आकडेमोडीचा.

प्रत्येक तेलाला साबण व्हायला किती कॉस्टिक लागतं याचा त्याचा त्याचा आकडा असतो. १ ग्रॅम खोबरेल तेलाला ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. तेलं बदलली की हिशेब बदलला. 'वाटीभर तेलाला चमचाभर सोडा' असली कृती कुठे दिसली तर पान उलटावं. वाटीने मोजून भाजी होते, साबण होत नाही. १ ग्रॅमपर्यंत खात्रीने दाखवणारा काटा हवा.

सगळ्या तेलाला पुरेल त्यापेक्षा थोडं कमी कॉस्टिक घालायचं म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच उरतं. याला सुपरफॅट म्हणतात. अंगाच्या साबणात साधारण ५ टक्के ठेवतात. कपड्यांच्या साबणात जवळपास शून्य, कारण उरलेलं तेल कापडातच बसणार. मला दोन्हीला एकच वडी हवी, म्हणून मधला आकडा धरला: ३ टक्के.

खोबरेल ६०० ग्रॅम, ऑलिव्ह ४०० ग्रॅम. १०९.८ अधिक ५४, म्हणजे १६३.८. त्यातले ३ टक्के वजा करून कॉस्टिक १५९ ग्रॅम, पाणी त्याच्या दुप्पट, ३१८.

(वाचता वाचता शेव्हरुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाशी गाठ पडली. चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन, आणि कॉस्टिकसारखी अल्कली घातल्यावर ती वेगळी होतात, हे याने शोधलं आणि १८२३ मध्ये पुस्तकात मांडलं. तोवर हजारो वर्षं लोक साबण करत होते आणि आत काय होतंय ते कुणालाच माहीत नव्हतं. स्वारी १०२ वर्षं जगली.)

७ फेब्रुवारी

पहिला घाणा.

खिडक्या उघड्या, चष्म्यावर गॉगल, लांब बाह्या, कोपरापर्यंत हातमोजे. बाबांना स्वयंपाकघरात यायची बंदी केली. ते दारात उभे राहून म्हणाले, "अगं, साबण करतेयस की बाँब?"

क्रम चुकवायचा नाही: पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उलट केलं तर गोळा होऊन तो तिथल्या तिथे उकळतो आणि उडतो. थोडं थोडं घालून ढवळलं तरी पाणी गॅसवर न ठेवताच ८४ अंशांवर गेलं. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नाही. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसायचं नाही, नळाखाली धरायचं, बराच वेळ. आणि डबा उघडा ठेवायचा नाही. कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं, मग काट्यावर १५९ दाखवलं तरी आत १५९ नसतं.

कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही ४० अंशांच्या आसपास आल्यावर एकत्र केलं. हँड ब्लेंडर थोडा फिरवला, थोडं हाताने ढवळलं. मिश्रणावर रेघ ओढली तर ती क्षणभर दिसते, तो ट्रेस. माझ्या रेघेला ६ मिनिटं लागली. साच्यात ओतलं, वर पुठ्ठा. दीड तासाने साचा बाहेरूनही चांगलाच तापला होता.

८ फेब्रुवारी

चूक. रात्रभर ठेवायला नको होतं. खोबरेल जास्त असलेला साबण काही तासांतच दगड होतो. सकाळी सुरी लावली तर वड्या कापल्या गेल्या नाहीत, फुटल्या. ११ पैकी ५ धड. तुकडे बरणीत भरले, किसून कपड्यांना होतील.

११ फेब्रुवारी

ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावलं. मोकळं कॉस्टिक उरलं असेल तर बॅटरीचं टोक चाटल्यासारखा झटका बसतो. नुसतीच साबणाची चव लागली. म्हणजे रासायनिक काम संपलंय. आता मुरणं उरलं. पाणी उडून जायचं, वडी घट्ट व्हायची. ४ आठवडे.

लोणच्याला आपण मुरू देतो आणि साबणाला मात्र आज केला तर आज लावून बघतो. हात शिवशिवतायत.

११ मार्च

वापर सुरू. फेस भरभरून. टॉवेल आणि बाबांचे दोन सदरे धुतले, कॉलरचा मळ एका घासण्यात गेला. वास कशाचाच नाही. खूश.

१५ मार्च

खूश नाही. आंघोळीनंतर पोटऱ्या आणि हात ताणल्यासारखे. पेरांवरची जुनी भेग पुन्हा उलली. पुरळ नाही, खाज नाही, म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. निव्वळ कोरड.

माझा पहिला संशय पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या मापावर, गेला. कातडीचा पीएच ५ च्या आसपास, आम्लाकडे झुकलेला; खऱ्या साबणाचा ९ ते १०. पण ओळखीच्या एका बाईंनी केलेली जुनी ऑलिव्हची वडी घरात होती, तिला कागदी पट्टी लावली तर तिचाही रंग जवळपास तोच. आणि त्या वडीने हात ताणत नव्हते. म्हणजे दोन साबणांतला फरक पीएचचा नाही.

फरक तेलाचा. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण पाण्यात झटकन विरघळतो, मोठा फेस देतो आणि मेद उचलायला तरबेज असतो. कॉलरवरचा मेद आणि कातडीतला मेद यांत तो भेद करत नाही. ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलेइक. त्याचा फेस मलूल, पण हात सोडून जाताना दाराला कडी लावून जातो. ज्या गुणामुळे सदरा निघाला त्याच गुणामुळे माझे हात उलले. एका वडीकडून दोन्ही कामं मागणं म्हणजे वस्तऱ्याने भाजी चिरून त्यानेच दाढी करण्यासारखं झालं.

१६ मार्च

तरीही पीएचची खुमखुमी जाईना. 'पीएच संतुलित घरगुती साबण' म्हणून लोक लिंबू पिळतात म्हणे, म्हणून वाटीत साबणाचं पाणी घेऊन त्यात व्हिनेगर घातलं. क्षणात दूध नासावं तसं झालं. वर पांढरे तेलकट कण तरंगायला लागले. आम्लाने साबणाची पुन्हा मेदाम्लं केली. वाटीत आता साबण नव्हताच. कॉस्टिकचा साबण अल्कलीच असणार. तो तसा नको असेल तर साबण नसलेलं काहीतरी घ्यावं. विषय संपला.

१९ मार्च

दोन घाणे, दोन हिशेब. हट्ट सोडला.

अंगाचा: ऑलिव्ह ७००, खोबरेल २००, एरंडेल १००. ९४.५ अधिक ३६.६ अधिक १२.८, म्हणजे १४३.९, ६ टक्के सोडून कॉस्टिक १३५ ग्रॅम, पाणी २७०. एरंडेल फेस टिकवायला. जास्त घातलं तर वडी चिकट होते.

धुण्याचा: नुसतं खोबरेल १००० ग्रॅम. पूर्ण हिशेबाने १८३ ग्रॅम लागेल, पण तेलाचा आकडा दर खेपेला केसभर इकडेतिकडे असतो, म्हणून १ टक्का सोडून १८१. पाणी ३६२. हा ४ तासांत कापला, अजून कोमट असतानाच. लोण्यासारखी सुरी गेली.

अंगाचा मात्र दोन दिवस साच्यात मऊच. ऑलिव्हला घाई नसते.

२४ मार्च

अंगाच्या वड्यांवर पांढरी भुकटी बसली आहे. बुरशी नाही. पृष्ठभागावरच्या उरल्यासुरल्या कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून केलेला सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचाच सोडा. ओल्या कापडाने पुसला.

१२ एप्रिल

२ नंबरची वडी: कापली तेव्हा १३२ ग्रॅम, आज १२०. बाकी काही नाही.

२ मे

तीच वडी ११५ ग्रॅम. गेल्या आठवड्यात फक्त १ ग्रॅम घटली, म्हणजे मुरली असं धरायला हरकत नाही. सहा आठवडे झाले.

थेट आंघोळीला घेतली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटं रुंद जागा ठरवली. दिवसातून दोनदा तिथे फेस लावायचा, धुवायचा, ७ दिवस. वरवरची जळजळ लगेच कळते, अ‍ॅलर्जी उशिरा उगवते. एकदा लावून 'मला चालतो' म्हणण्यात अर्थ नाही, हे पाठीवरच्या पट्ट्यांनी शिकवलंय.

९ मे

सात दिवस, काही नाही. आजपासून हाताला आणि अंगाला.

एक तक्रार: वडी ओली राहिली की शेंबडासारखी तार धरते. ऑलिव्हच्या साबणाचा हा स्वभावच. पाणी निथळेल अशी खाचांची साबणदाणी हवी. डबीत पाण्यात बसवली तर दोन आठवड्यांत संपेल.

१३ मे

बाबांनाही दिली. त्यांच्या नडग्या कोरड्या पडून खाजतात. वय वाढलं की कातडी स्वतःचं तेल कमी करते. पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "वासच नाही, त्यामुळे आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत तीनदा साबण चोळता, तेच कमी करा." साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच, हातपाय नुसत्या कोमट पाण्याने. गरम पाणी नको, आणि अंग टिपून झाल्या झाल्या, ओल असतानाच, बिनवासाची पेट्रोलियम जेली. त्यांना पटलेलं नाही. साबण कमी लावायचा म्हणजे अस्वच्छता, हे सत्तर वर्षांचं मत एका वडीने हलणार नाही.

२० मे

गोंधळ झाला. तीन दिवस नडग्यांची खाज वाढली म्हणून मी साबणावर घसरले, नवा घाणा बिघडला की काय म्हणून वह्या काढल्या. मग न्हाणीघरात जाऊन बघते तर साबणदाणीत धुण्याची वडी. बाबांनी कपाटातून नवी काढली ती शेजारच्या चळतीतली. रंग नाही, वास नाही, आकार एकाच साच्याचा; अंगाची किंचित पिवळसर आहे, पण ते उजेडात आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर.

रंगीत वेष्टणं आणि मोगऱ्या-चंदनाचे वास यांना मी तीन महिने नावं ठेवतेय. निदान कुठली वडी कशाची हे ती सांगायची.

तात्पुरता उपाय: वेगळी कपाटं.

२८ मे

धुण्याचा निकाल लिहायचा राहिला होता. सुती चादरी, अंतर्वस्त्रं, फडकी: उत्तम. काळ्या पँटवर करडे ढग. टॉवेल पापडासारखे कडक, आणि पाणी धरेनात.

यात साबणाचा दोष अर्धाच. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत २ ग्रॅम कीस. हलवल्यावर पहिली गळ्यापर्यंत फेसाने भरली. दुसरीत फेस बोटभर आणि पाणी दुधी. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे. तेव्हा पाठ केला होता तो शब्द आज बाटलीत दिसला. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण पकडून त्याचा न विरघळणारा थर करतात. साबणाचा पहिला हप्ता त्यांची भरती करण्यातच जातो, मळापर्यंत पोचतो तो उरलेला. आणि तो थर सुटत नाही, धाग्यांत बसतो. बाजारच्या डिटर्जंटला हा त्रास फार कमी, हे मान्य करायला हवं.

म्हणून आता क्रम बदलला. आधी बादलीत धुण्याचा सोडा विरघळवायचा, तो कॅल्शियमला खाली बसवतो. मग गरम पाण्यात विरघळवलेला कीस. कपडे दोनदा खळबळून झाल्यावर, शेवटच्या पाण्यात अगदी थोडं व्हिनेगर. साबण अंगात असताना व्हिनेगर घातलं तर १६ मार्चची वाटी बादलीभर होईल. सोड्याचं पाणी साबणापेक्षाही तिखट अल्कली, तेव्हा हातमोजे. लोकर आणि रेशीम यातलं काहीच सहन करत नाहीत. ते या साबणाने धुवायचे नाहीत. वॉशिंग मशीनमध्येही नाही. नळ्यांत थर साचला तर कोण काढणार.

टॉवेल दोन धुण्यांनंतर मऊ झाले. काळी पँट नाही झाली.

८ जून

हात बरे आहेत. फेब्रुवारीतल्या फोटोशेजारी आजचा फोटो ठेवला. पेरांवरच्या रेघा आहेत, भेगा नाहीत.

'माझ्या साबणाने हात बरे झाले' असं लिहायचा मोह होतोय. पण याच चार महिन्यांत मलमाचा कोर्स झाला, वासाच्या ९ वस्तू घराबाहेर गेल्या, भांडी हातमोजे घालून घासली. साबणात औषध काहीच नाही. त्यात बनलेलं ग्लिसरीन काढून घेतलेलं नाही आणि मला नडणारं काही घातलेलं नाही, इतकंच. ज्याला एक्झिमा भरात आहे त्याने माझी वडी घेऊन जाऊ नये. त्याच्यासाठी डॉक्टर सांगतात ती सिंडेटची, म्हणजे कृत्रिम डिटर्जंटची, वडी बरी. तिला रूढ अर्थाने साबण म्हणता येत नाही, म्हणून तिचा पीएच ५.५ वर आणता येतो. मी स्वतः चेहऱ्याला तीच लावते, बिनवासाची. आठवडाभर माझा साबण चेहऱ्याला लावून पाहिला होता, गाल ताणले. केसांनाही नाही: नळाच्या पाण्याने टॉवेलचं जे झालं तेच केसांचं होतं.

१४ जून

पुढच्या घाण्यात सायट्रिक आम्ल घालायचं, किलोभर तेलाला २० ग्रॅम. ते साबणातच सोडियम सायट्रेट होतं आणि पाण्यातलं कॅल्शियम थोडंफार धरून ठेवतं. पण १० ग्रॅम आम्ल ६.२५ ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणून हिशेबात १२.५ वाढवायचे, न वाढवले तर सुपरफॅट फुगेल आणि वडी मऊ पडेल. चौथी वस्तू नाही, अशी प्रतिज्ञा होती. पाण्यासाठी मोडतेय.

२१ जून

धुण्याचा घाणा झाला. खोबरेल १०००, कॉस्टिक १८१ अधिक १२.५, काट्यावर १९३.५. सायट्रिक आम्ल पाण्यात आधी विरघळवलं, मग कॉस्टिक. या खेपेला पाणी जास्तच तापलं, थांबत थांबत घातलं.

साडेतीन तासांनी कापला. वड्या कोमट असतानाच सुरीच्या पाठीने प्रत्येकीवर दोन आडव्या खाचा दाबल्या, चांगल्या खोल, झिजत आली तरी कळतील अशा. अंगाची वडी गुळगुळीतच राहील.

बाबांना बोलावून डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही हातात दोन वड्या दिल्या. अंगठा फिरवून डावी पुढे केली. "ही कपड्यांची," म्हणाले, आणि मग उजवी नाकाशी नेऊन, सवयीने, एक लांब श्वास घेतला.